हुंकारापुरता आवाज

"काकू, मोटार तुमची बिघडलीय की आमची?" पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून म्हणाला, तेव्हा तो माझ्याशी बोलतोय हे मला आधी कळलंच नाही. मांडीवरच्या फोनमधून माझाच आवाज चालला होता, ठणठणीत, एकेक चिन्ह उच्चारत: मोटार सुरू करण्यापूर्वी स्वल्पविराम झडप पूर्ण उघडी असल्याची खात्री करून घ्यावी पूर्णविराम. दोघेतिघे हसले. मागून एक बाई म्हणाली, "आवाज कमी करा हो, सकाळी सकाळी डोकं उठलंय." त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. भर बसमध्ये एक म्हातारी पाण्याच्या मोटारीचं माहितीपत्रक स्वतःच्याच आवाजात ऐकत बसली, तर लोकांनी तिला काय समजावं? मी फोन बंद करून पर्समध्ये ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. कान गरम झाले होते. वाईट वाटलं ते हसण्याचं नाही. इतके जण ऐकत होते आणि एकालाही वाटलं नाही की इथे दोन माणसं बोलताहेत, त्याचं वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर हल्ली मलाही तो ऐकू येत नव्हता.

तो म्हणजे माझा नवरा. आम्ही एकाच छापखान्यात होतो. तो मुद्रितशोधक आणि मी वाचक, म्हणजे मूळ हस्तलिखित हातात धरून मोठ्याने वाचणारी. मी वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह सगळं तोंडाने म्हणायचं, आणि त्याने समोरच्या छापील प्रुफावर डोळ्यांत तेल घालून बघायचं. ओळ बरोबर असली की तो म्हणायचा, "हं." मग मी पुढची ओळ घ्यायची. चूक असली की काहीच म्हणायचा नाही. थांब नाही, अगं नाही, चूक आहे असंही नाही. नुसता हं यायचा नाही. मग मी तीच ओळ पुन्हा वाचायची, तो समासात खूण करायचा आणि म्हणायचा, "पुढे." छापखान्यात सगळ्याच जोड्या अशा चालायच्या, पण आमची लग्नापर्यंत चालली आणि लग्नानंतरही तशीच चालू राहिली. सासूबाई म्हणायच्या, या घरात एकच तोंड आहे आणि ते सुनेचं. बोलणाऱ्याची बोरं खपतात असं त्या मला ऐकवायच्या, म्हणजे त्यांच्या लेकाचे आंबे तसेच पडून राहिले असा त्याचा अर्थ. त्यांना कोणी सांगावं की मी दिवसभर जे काही बडबडते त्याला ओळीओळीला पलीकडून पावती मिळते. भाजी महाग झाली, हं. तुझ्या बहिणीचा फोन होता, हं. मला नाही वाटत तिचं तिथे फार दिवस पटेल, हं. आणि एखाद्या वाक्यापाशी तो हं आलाच नाही की मी हातातलं काम थांबवून त्या वाक्याकडे मागे वळून बघायची. बहुतेक वेळा चूक सापडायची. भांडणात तर हे फार छळायचं. मी तोंडाचा पट्टा सोडलेला, आणि तो पाठ करून बसलेला, आणि मधे कुठेतरी त्या पाठीतून हं यायचा बंद व्हायचा. मग माझंच बोलणं माझ्या कानात परत यायचं आणि मी गप्प व्हायची.

त्याचा हं फार खालचा होता. तोंडातून यायचा की छातीतून, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. ओठ मिटलेलेच असायचे. फोनवर तर त्याचं कोणालाच काही ऐकू यायचं नाही. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून दमायचा, आणि हा इकडे मनापासून हं हं करत असायचा. शेवटी फोन माझ्याकडे. आमचा मुलगा लहान असताना त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचा आणि म्हणायचा, बाबा, वाजवा ना. काय वाजवू म्हणून विचारलं की म्हणायचा, हं वाजवा. पुढे तो शाळेचा धडा बापाला वाचून दाखवायला लागला, आणि बापाने त्यालाही तेच वळण लावलं. वाचता वाचता हं आला नाही की पोरगं थांबायचं, मागची ओळ शोधायचं, आणि कधी कधी चूक सापडली नाही की रडकुंडीला येऊन विचारायचं, "कुठे चुकलं?" मी म्हणायची, अरे सांग ना त्याला, जीव का खातोस. तो सांगायचा नाही. सापडेल त्याची त्याला, असं त्याचं म्हणणं असावं. म्हणाला कधीच नाही.

छापखाना बंद झाला तसे आम्ही घरी काम आणू लागलो. पुस्तकं कुठली मिळायला. माहितीपत्रकं, मोटारींची, पंख्यांची, पाणी तापवायच्या यंत्रांची. त्यातलंच हे एक. मुलाने तेव्हा मला फोन घेऊन दिला होता, आणि त्याला बोलून निरोप पाठवावा म्हणून मी बटण दाबलं. दाबायला शिकले होते, सोडायला शिकले नव्हते. तेवढ्यात हा प्रुफं घेऊन बसला, मीही वाचायला बसले, आणि अख्खं माहितीपत्रक त्या फोनमध्ये भरलं गेलं. आम्ही दोघं, आमची खोली, डोक्यावरचा हलणारा पंखा, सगळं. मागून मला ते सापडलं तेव्हा आम्ही हसलो. म्हणजे मी हसले. तो पुढच्या वर्षी गेला. सकाळी दाढी करता करता खाली बसला तो उठलाच नाही. त्याचे फोटो आहेत, पण फोटोत तो कोणाच्याही नवऱ्यासारखा दिसतो. माझ्याकडे त्याचं म्हणण्यासारखं राहिलं ते हे मोटारीचं माहितीपत्रक. जुन्या फोनच्या बोटाएवढ्या स्पीकरमधूनही मी ते कानाला लावून ऐकायची. हं तसा धड यायचा नाही. वाटाणा जमिनीवर पडावा तेवढा टक्क यायचा. पण यायचा. मग तो फोन मरायला टेकला. मुलगा आला होता, त्याने सगळं उचलून नव्या फोनमध्ये घालायचं म्हणून सोबत नेलं, आणि आठवड्याभराने कळवलं, "आई, तुझं ते मोटारचं पाठवलंय. मागे फार घरघर होती, ती काढून साफ करून दिलंय. बघ कसा खणखणीत येतोय तुझा आवाज." खरंच खणखणीत येत होता. फक्त वाटाणा पडत नव्हता. मला वाटलं, नव्या फोनचा स्पीकर वाईट असेल.

आता मी एका ठिकाणी औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं तपासायला जाते. तिथे वाचक नसतो. एका पडद्यावर मूळ, दुसऱ्यावर छापायचं, आणि मधे मी एकटी मान इकडून तिकडे फिरवत. ओळ बरोबर असली तरी कोणी काही म्हणत नाही आणि चूक असली तरी नाही. पहिले काही दिवस मी प्रत्येक ओळीला चूक शोधत होते, कारण सगळीकडेच शांतता होती. त्या दिवशी बसमधली गंमत मी शेजारच्या चित्रकाराला सांगितली. तो खोक्यांवरची चित्रं करतो आणि दिवसभर कानांवर दोन वाट्या घालून बसलेला असतो. मी विचारलं, फोनमधून खालचा, जाड आवाज का रे ऐकू येत नाही? तो म्हणाला, "एवढ्याशा स्पीकरमधून जाड आवाज कसा येईल, मॅडम? तुम्ही हेडफोन घ्या. चांगल्या बेसचे. आणि बसमध्ये ऐकणार असाल तर पाठ बंद असलेले बघा, उघड्या पाठीचे नको. त्यातून सगळं बाहेर सांडतं." बंद पाठीचे, हा शब्द मला आवडला. म्हटलं, सवयीचे आहेत. त्याने वाट्या पुन्हा कानांवर चढवल्या. पण मला एकाएकी इतकं हलकं वाटलं की मी दुपारी दोन खोकी पुन्हा तपासली, भलतंच काही नजरेतून सुटलं असेल म्हणून. साधी गोष्ट होती तर. माणूस होता तिथेच होता, मीच भलत्या दारातून हाका मारत होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

संध्याकाळी गेले ते हेडफोनचं दुकान काचेचं होतं आणि आत काहीच वाजत नव्हतं, याचं मला हसू आलं. काउंटरमागची मुलगी गळ्यात हेडफोन घालून उभी होती. तिने विचारलं, "गाणी ऐकायला हवेत का, काकू?" मी म्हटलं, "नाही, एका माणसाला ऐकायचंय. फार खालून बोलतो." तिला ते कळलं असावं, कारण ती हसली नाही. तिने तीन जोड काढून ठेवले. पहिला कानावर नुसता टेकत होता, दारातला रस्ता आत येत होता. दुसरा चांगला होता, पण डोकं असं दाबायचा की अडकित्त्यात सुपारी धरावी. तिसरा मोठा, जाड गाद्यांचा. तो घातला आणि दुकानातला पंखा, दारापलीकडची वाहनं, मुलीचं बोलणं, सगळं एकदम लांब गेलं. तिने त्यावर एक ढोल वाजवून दाखवला. तो कानात नाही, गळ्याच्या खळगीत वाजला. मी म्हटलं, हाच. आता माझं लावा.

माझं सुरू झालं. मोटार सुरू करण्यापूर्वी स्वल्पविराम. माझा आवाज इतका घोगरा झाला की मला मिशा फुटल्यासारखं वाटलं. पूर्णविराम आला. मी श्वास धरला. काही नाही. दुसरी ओळ. काही नाही. मुलीने बेस आणखी वाढवला, माझ्या प, ब, भ अशा अक्षरांना आता धक्के बसत होते, आणि दोन ओळींच्या मधे काहीच नव्हतं. हळू आवाज नव्हता, अस्पष्ट आवाज नव्हता. काहीच नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पंखाही नाही. आमचा पंखा एका बाजूला कलून फिरायचा, त्याची कुरकुर वर्षानुवर्षं चालू होती. तीही नाही. तो पान उलटायचा त्याची सळसळ नाही. आमची खोलीच कुणीतरी काढून टाकली होती आणि मला एकटीला मोकळ्यावर उभं करून वाचायला लावलं होतं. मुलीने एक वाटी माझ्या कानावरून किंचित उचलली आणि स्वतः ऐकलं, मग फोनच्या पडद्यावर बोट सरकवून बघितलं. "हे साफ केलेलं आहे, काकू. इथे बघा, मधे मधे सपाट रेघ आहे. खालची घरघर काढायला गेलं की खालचं सगळंच जातं. मशीनला काय, पंखा आणि माणूस सारखाच." तिने फोन माझ्यापुढे धरला. "जे आतच नाही, ते हे कुठून वाजवणार?"

छापखान्यात अनुस्वार फार उडायचे. अक्षराच्या माथ्यावरचं ते टिंब, झिजलं की उमटायचंच नाही, आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही, कारण शब्द तिथे असतोच. हंवर एकच टिंब. ते उडालं की काय उरतं, नुसता ह. श्वास. तोही नव्हता इथे. मला मुलाचा राग आला का? आला. मग त्याचा तो उत्साहाने पाठवलेला निरोप आठवला, बघ कसा खणखणीत येतोय, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. मुलगी म्हणाली, "दुसरे दाखवू? की राहू दे?" तिचं बोलणं त्या जाड गाद्यांतून लांबून आलं. मी वाट्या कानांवर तशाच ठेवून, ओठ मिटून म्हटलं, "हं."

आणि तो वाजला. माझ्याच डोक्यात, कवटीच्या बुडाशी, दाढांच्या मुळाशी. कान असे घट्ट झाकले की आपला आवाज बाहेर जायला वाट नसते, तो आतच घुमतो, हे मुलीने मागून समजावलं. तेव्हा ते समजून घ्यायला माझं चित्त जागेवर नव्हतं. तो त्याचा नव्हता. मी काही वेडी झालेली नाही. पण त्याचा जिथून यायचा तिथून आला. मी पुन्हा म्हटलं, हं. मुलगी म्हणाली, "म्हणजे देऊ?"

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक नर्स होती, पांढऱ्या गणवेशात, डोळे मिटून. मी हेडफोन घातले आणि पहिल्यापासून लावलं. आता हसायला कोणी नव्हतं, मोटार माझी मला होती. मी फोनमधली वाचायची, मी सीटवरची ऐकायची, आणि ओळ संपली की ओठ मिटून हुंकार द्यायची. झडप पूर्ण उघडी असल्याची खात्री करून घ्यावी पूर्णविराम. हं. विजेचा दाब कमी असल्यास मोटार चालू करू नये पूर्णविराम. हं. बाहेर दिवे लागत होते. माणसं चढत होती, उतरत होती. मला एवढंच वाटत होतं की बाई, हा एवढ्या वर्षांत कधी कंटाळला कसा नाही. एवढं ऐकायचं आणि प्रत्येक ओळीला, नुसत्या स्वयंपाकघरातल्या कटकटीलाही, आहे मी, चल पुढे, असं म्हणत राहायचं. आपण दुसऱ्या बाजूला बसल्याशिवाय ते काम किती आहे ते कळत नाही. त्या विचारात मधे दोन ओळी हुंकारावाचून गेल्या.

मग ती ओळ आली. पंप कोरडा चालवू नये पूर्णविराम. त्यापुढे शांतता, आणि मग माझाच आवाज पुन्हा, पंप कोरडा चालवू नये पूर्णविराम. मी ताठ बसले. ही ओळ मी दोनदा वाचली होती, म्हणजे इथे त्याने हं म्हटलं नव्हतं; दुसऱ्यांदा वाचल्यावरचं त्याचं खालच्या आवाजातलं 'पुढे' मात्र मशीनने नेलं होतं. मला आठवलं. प्रुफावर पंपचा अनुस्वार उडाला होता, नुसता पप झाला होता. त्याने खूण केली आणि मी वाकून बघितलं आणि पप पप म्हणून हसत सुटले, पण ते पुढे, वाचन संपल्यावर. इथे, या दोन ओळींच्या मधे, तो खरोखरच गप्प होता. बाकी सगळ्या शांतता मशीनच्या होत्या. ही एक त्याची होती. हिच्यातून त्याचं काही साफ झालं नव्हतं, कारण यात त्याचं काढण्यासारखं काही नव्हतंच. मी मागे नेऊन ती पुन्हा ऐकली. मग पुन्हा. तिथे मी हुंकार दिला नाही. तिथे मी त्याच्याबरोबर गप्प बसले.

चौथ्यांदा मागे नेत होते तेव्हा मधेच घंटी वाजली, मी फोन घेतला आणि मुलाचा आवाज थेट डोक्यात आला. "आई, कुठे आहेस? बसमध्ये? ऐकतेस का ते, मी पाठवलेलं?" मी म्हटलं, "ऐकतेय. नवीन हेडफोन घेतलेत." तो खूश झाला. कुठले, कसले, बंद पाठीचे का, सगळं विचारलं. मग मी सहज विचारतेय असं दाखवत म्हटलं, "ते आधीचं, साफ न केलेलं, आहे का रे तुझ्याकडे?" तो म्हणाला, "नाही गं. जुन्या फोनबरोबर गेलं ते. का?" मी काही बोलायच्या आत त्याचा आवाज बदलला. "खरं सांगू का आई, मी ते नीट ऐकलंही नाही. तुझ्या दोन ओळी ऐकल्या, आपला पंखा ऐकू आला, आणि मग ऐकवेना मला. नुसतं बटण दाबलं आणि पाठवून दिलं." मग त्याने विचारलं, "बाबांचं काही होतं का त्यात?"

नर्सने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. मी खिडकीवर हात टेकला. काच थंड होती. बापाच्या पोटावर डोकं ठेवून हं वाजवा म्हणणारं पोर होतं ते. त्याला हे कळलं तर तो जन्मभर स्वतःला बोल लावील, आणि काढलेला आवाज काही परत येणार नाही. "नाही रे," मी म्हटलं, "मीच आपली एकटी मोटार वाचत होते."

"हां," तो म्हणाला, आणि त्याचा सुटलेला श्वास मला ऐकू आला. मग तो मोकळेपणाने बोलायला लागला. घर बदलायचं म्हणतोय, बायकोला लांब पडतं, मुलीची शाळा मात्र जवळ आहे. नव्या घरात एक खोली तुझी, आई, आता तू एकटी कशाला राहतेस तिथे. मी ओठ मिटून म्हटलं, हं. कवटीच्या बुडाशी तो छान घुमला. तो म्हणाला, खोलीला खिडकी आहे. हं. खाली बाग आहे, तुला चालायला. हं. मला त्या घुमण्याचं सुख होत होतं, आणि तो बोलत राहावा असं वाटत होतं. मग त्याचं बोलणं हळू झालं. एक वाक्य अर्धंच राहिलं. तो म्हणाला, "आई?" मी म्हटलं, हं. "आई, आहेस ना?" मी जोरात म्हटलं, हं. पलीकडे काहीच पोचत नव्हतं. या हेडफोनचा माइकही शहाणा निघाला, घरघर समजून मला गाळत होता. त्याच्या बापाला जन्मभर फोनने गाळलं तसंच.

तो गप्प झाला. पलीकडे त्याचा श्वास तेवढा येत होता. मला दिसत होतं, तो मागची ओळ शोधत असणार. मग त्याने अगदी लहानपणच्या आवाजात विचारलं, "कुठे चुकलं, आई?"

मी तोंड उघडलं. कान झाकलेले असले की आपण किती मोठ्याने बोलतो ते आपल्याला कळत नाही. पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली, तेव्हा मला समजलं की अख्ख्या बसने ते ऐकलं होतं.

"चूक नाही," मी म्हटलं. "पुढे."